बारावीच्या वर्षात एक कथा पुरी करायची असेल तर

वर्षभरात दहा कथा लिहायच्या असं जूनमध्ये ठरवणाऱ्यांकडे ऑक्टोबरात दहा सुरुवाती असतात. त्यापेक्षा एकच कथा घ्या. बाराशे ते पंधराशे शब्दांची, पण चार वेळा लिहिलेली. फुलस्केप पानाच्या एका बाजूवर मध्यम अक्षरात दोनशे-सव्वादोनशे शब्द बसतात, म्हणजे सगळी मिळून सहा-सात पानं. आठवड्याला दीड-दोन तास दिले तर जून ते डिसेंबर या काळात क्लास, प्रॅक्टिकलच्या जर्नल आणि घटक चाचण्या सांभाळून एवढं होतं.

लागणारं सामान दप्तरातच आहे. २०२० साली आलेल्या बारावीच्या मराठी युवकभारती या पाठ्यपुस्तकात कथा हा साहित्यप्रकार वेगळा भाग म्हणून दिला आहे. आधी कथेच्या घटकांची ओळख, मग 'शोध' आणि 'गढी' या दोन कथा. कृतिपत्रिकेच्या, म्हणजे बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेच्या, ८० गुणांपैकी १० या भागाला आहेत आणि १० निबंधाला, त्यामुळे घरी 'अभ्यासच करतोय' म्हटलं तर ते खोटं नाही. विज्ञान शाखेत मराठीऐवजी आयटी घेतलं असेल, तर बालभारतीच्या संकेतस्थळावरून पुस्तकाची पीडीएफ फुकट उतरवून घेता येते.

जून-जुलै: वही भरा, कथा नको

शंभर पानी लाँगबुक घ्या. उजव्या पानावर लिहायचं, डावं कोरं सोडायचं. दुरुस्त्या तिथे येतील. निदान पहिले दोन खर्डे हातानेच लिहा. फोनवर वाक्य बदललं की जुनं पुसलं जातं आणि आपण काय बिघडवलं हे कळायला मार्ग उरत नाही. पहिलं वाक्य चांगलं होतं, हा शोध बहुधा तिसऱ्या खर्ड्याच्या वेळी लागतो.

रोज दहा मिनिटं, दोनच नोंदी. एक ऐकलेलं वाक्य, जसंच्या तसं. एक पाहिलेली कृती, विशेषणाशिवाय. 'आज पावसाने मन प्रसन्न झाले' ही नोंद नव्हे. 'गिरणीवाला पिठाचा हात लागू नये म्हणून करंगळीने फोन उचलतो' ही नोंद. 'तुमचं काय बाई, तुमचा गॅस दोन महिने जातो' ही दुसरी. दुसऱ्या वाक्यात दोन बायका, दोन घरं आणि थोडा हेवा आयता मिळाला. तो कल्पनेने रचायला बसलात तर अर्धं पान जाईल. महिन्याला साठ नोंदी होतात. त्यातल्या पाच कामाच्या निघाल्या तरी भरपूर झाल्या.

याच काळात एक नकलेचा धडा करा. दोन कथांपैकी कुठलंही एक पान हाताने उतरवा आणि प्रत्येक वाक्यापुढे समासात खूण करा: बोलणं असेल तर 'ब', कृतीला 'कृ', वर्णनाला 'व', मनातल्या विचाराला 'म'. मग दहावी-अकरावीत लिहिलेला स्वतःचा एखादा निबंध काढा आणि तसंच करा. तुमच्या पानावर 'व' आणि 'म' यांची रांग लागलेली असेल, 'ब' आणि 'कृ' शोधावे लागतील. दहा वर्षं निबंध लिहून हात तसा वळलेला असतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण कथा लिहिताना अडचण इथेच येते, आणि पुढच्या बहुतेक सूचना हीच सवय मोडण्यासाठी आहेत.

बीज कसं ओळखायचं

'मोबाइलचं व्यसन', 'शेतकऱ्याची व्यथा', 'वृद्धाश्रम' हे वक्तृत्वाचे विषय झाले. कथेला माणूस लागतो, त्याला काहीतरी हवं असावं लागतं, ठरावीक वेळेच्या आत हवं असावं लागतं आणि आड काहीतरी यावं लागतं. उदाहरणार्थ: पाचच्या आत कॉलेजात फी भरायची आहे, पैसे काकांकडे आहेत आणि काकांचं नि बाबांचं दोन वर्षं बोलणं बंद आहे. यात शिक्षणाचा खर्च, भाऊबंदकी, मुलीचा संकोच सगळं आहे, पण एकाचंही नाव घ्यावं लागत नाही. 'शोध' पुन्हा वाचा. सगळी धावपळ एका रुपयाच्या नोटेमागे चालते. वस्तू जितकी लहान, तितकी ती हातात धरायला सोपी.

बीज टिकेल का हे तपासायला कथा दोन वाक्यांत सांगून बघा. वाक्यं 'पण' आणि 'म्हणून' यांनी जोडली जात असतील तर पुढे जा. 'आणि मग... आणि मग...' असं होत असेल तर ते सहलीचं वर्णन आहे.

मापं कडक ठेवा. मुख्य पात्रं दोन, फार तर तिसरं दारात येऊन जाणारं. जागा दोन. काळ एक दुपार किंवा एक दिवस. नवं पात्र उभं करायला साठ-सत्तर शब्द लागतात. पाच पात्रं घेतली तर कथेचा पाव भाग ओळखपरेडीत संपतो. 'दहा वर्षांनंतर' असा मधला उडीचा रस्ता तर बंदच. त्याने दहा वर्षांची जबाबदारी अंगावर येते आणि ती पेलायला जागा नसते.

मराठी आपलं काम फुकट करते, ते करू द्या

निवेदन 'मी'चं की 'तो-ती'चं, हे आधी ठरवा. 'मी' घेतलात तर 'मी उठलो' किंवा 'मी उठले' एवढ्या दोन शब्दांत बोलणारा मुलगा की मुलगी हे कळतं. तरीही पहिल्याच परिच्छेदात 'मी, स्नेहल, बारावीत शिकणारी एक मुलगी' अशी ओळख करून देणारे असंख्य. काढून टाका. नाव पुढे कुणीतरी हाक मारेल तेव्हा कळेल.

सगळ्यात मोठं हत्यार संबोधनाचं आहे. 'अगं', 'अहो', 'अरे', 'काय हो', 'ऐकलं का' यातल्या प्रत्येकात नातं, वय, घरातली पायरी भरलेली असते. दोन मैत्रिणींच्या आया एकमेकींना 'तू' म्हणतात; एकीची आई बँकेत दुसरीच्या आईची साहेब होते; दुसऱ्या दिवशी एक आई दुसरीला 'तुम्ही' म्हणते. भांडण दाखवायची गरजच उरली नाही. वरच्या फीच्या कथेत काका पुतणीला एरवी 'काय गं पोरी' म्हणत असतील आणि आज दारात 'या' म्हणाले, तर वाचक तिथे थबकतो. म्हणून पहिला खर्डा झाल्यावर एक फेरी केवळ यासाठी करा: कोण कोणाला काय म्हणतं, ते कुठे बदलतं, आणि बदलतं तर मुद्दाम की चुकून? निष्काळजीपणाने झालेला 'तू'चा 'तुम्ही' ही नवख्या कथेत फार वेळा दिसणारी चूक आहे.

बोली संवादात ठेवा, निवेदन प्रमाण भाषेत. 'गढी'त वऱ्हाडी बोली कानाला कशी लागते ते पाहा. तुमच्या घरात जी बोली आहे तीच घ्या. विदर्भातलं 'मले-तुले-काहून' किंवा मालवणीतलं 'माका-तुका-खंय' सिनेमात ऐकून उचललं तर तिथला माणूस दुसऱ्या ओळीत पकडतो. आणि प्रत्येक शब्द वाकवू नका. एका पात्राला चार-पाच खुणा पुरतात, पण त्या शेवटपर्यंत तशाच राहायला हव्यात. पान दोनवर 'न्हाई' म्हणणारी आजी पान पाचवर 'नाही' म्हणाली तर तिचा आवाज गेला.

'म्हणाला', 'म्हणाली' हे शब्द पुन्हापुन्हा आले तरी चालतात, वाचकाला ते दिसत नाहीत. 'उद्गारला', 'वदली', 'कळवळून म्हणाली' मात्र दिसतात. दोघंच बोलत असतील तर तीन-चार वाक्यं कुणाचंही नाव न देता जाऊ द्या.

ऑगस्ट-सप्टेंबर: खर्डा

पाऊण-पाऊण तासाच्या तीन बैठका, शक्यतो लागोपाठच्या तीन रविवारी. बैठकीत खोडायचं नाही, मागचं वाचायचं नाही. शब्द सुचला नाही तर जागा सोडून कंस करा आणि पुढे जा. तिसऱ्या बैठकीच्या शेवटी कथा कशीबशी का होईना, संपलीच पाहिजे. अर्धी कथा सुधारता येत नाही. सुरुवात चारदा लिहिणारे इथेच अडकतात: शेवट माहीत नसताना सुरुवात कशी हवी हे ठरवणार कसं?

मग वही पंधरा दिवस कपाटात. गणपती आणि सहामाही यांच्या मध्ये ती तशीही उघडली जाणार नाही.

दिवाळीची सुट्टी: फेरलेखन

खरं लेखन इथे होतं. एक तुकडा जवळून बघू. पहिल्या खर्ड्यात असं लिहिलेलं असतं:

'सकाळची प्रसन्न वेळ होती. पक्ष्यांचा किलबिलाट चालू होता. पण सुनीताच्या घरात मात्र तणावाचे वातावरण होते. तिच्या बाबांची नोकरी गेल्यामुळे सर्व जण अतिशय दुःखी होते. बाबा तर पूर्णपणे खचून गेले होते.'

पाच वाक्यं, एकही कृती नाही, एकही बोलणं नाही. 'प्रसन्न', 'तणावाचे', 'दुःखी', 'खचून' हे चार शब्द वाचकाला काय वाटावं ते सांगतात, दाखवत काहीच नाहीत. आता दुसरा खर्डा:

'आईने सवयीने डबा भरून ओट्यावर ठेवला होता. सातला कोपऱ्यावर कंपनीच्या बसचा हॉर्न दोनदा वाजला. बाबा दारापर्यंत गेले, चपलेत पाय घातले, काढले, आणि परत येऊन पाटावर बसले. "आण गं तो डबा," ते सुनीताला म्हणाले.'

नोकरी गेली हे कुठेही लिहिलेलं नाही. बस आली, ते गेले नाहीत, आणि बाहेर न्यायचा डबा सकाळी सातला घरात बसून खाणार आहेत, एवढं पुरतं. पक्षी गेले, त्यांचं काही काम नव्हतं. तिसऱ्या फेरीत इथला 'सवयीने' हा शब्दही जाईल. तो म्हणजे लेखकाने वाचकाला कोपराने ढोसणं आहे. 'आण गं तो डबा' या वाक्यातलं 'तो' मात्र ठेवा. रोजचा, नेहमीचा, आता कुठेही न जाणारा डबा त्या एका शब्दात आहे.

फेरलेखनाला एका वेळी एकच काम हातात घ्या. सगळं एकदम सुधारायला बसलं की शुद्धलेखनच सुधारलं जातं आणि कथा जिथल्या तिथे राहते. आधी पहिला परिच्छेद झाकून दुसऱ्यापासून वाचा. दहातल्या सात वेळा कथा दुसऱ्यापासून सुरू होत असते आणि पहिला लेखकाने स्वतःला गरम करायला लिहिलेला असतो. मग लाल पेनाने भावनेची नावं अधोरेखित करा: दुःख, आनंद, राग, अस्वस्थ, हुरहूर. प्रत्येकाच्या जागी हाताची, पायाची, वस्तूची हालचाल येते का ते बघा. सगळीकडे येणार नाही, दोन-तीन नावं राहिली तरी चालतील. त्यानंतर संवाद मोठ्याने वाचा, जमल्यास फोनवर ध्वनिमुद्रित करून ऐका. 'परंतु', 'तथापि', 'यामुळे मला असे वाटते की' हे घरातलं कुणी बोलत नाही, ते कानाला लगेच खुपतं.

शेवटासाठी वेगळा दिवस ठेवा. नवख्या कथा चार-पाच ठरलेल्या रस्त्यांनी संपतात: अपघात, आत्महत्या, अचानक सापडलेलं पत्र, कोसळणारा पाऊस, आणि 'तेवढ्यात आईने हाक मारली नि मी जागी झाले'. शेवटचा रस्ता थेट कल्पनाप्रधान निबंधातून आलेला आहे. निबंधात तो खपतो, कारण तिथे 'सूर्य उगवला नाही तर' या कल्पनेतून परत तर यायचं असतं. कथेत मात्र वाचकाने सहा पानं जे खरं मानलं ते तुम्ही एका ओळीत खोटं ठरवता. दुसरी सवय तात्पर्याची. शेवटचा परिच्छेद झाकून बघा. त्यात 'खरंच', 'शेवटी', 'त्या दिवशी मला कळलं' यातलं काही असेल तर तो पूर्ण काढा. कथा त्याच्या आधीच संपलेली असते.

आता कथा दोघांना द्या, एक शिक्षक आणि एक वाचणारा मित्र. 'कशी वाटली?' असं विचारलं की 'छान आहे' मिळतं आणि त्याचा उपयोग शून्य. विचारायचं असं: वाचताना कुठे थांबलास? कुणाचं बोलणं कुणाचं हे कुठे कळलं नाही? शेवटी काय झालं, तुझ्या शब्दांत सांग. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या मनातल्या शेवटापेक्षा वेगळं आलं तर वाद घालू नका, वहीत मांडून ठेवा. दोघांचंही उत्तर सारखंच चुकलं तर चूक कथेत आहे.

लेखनाचे नियम आणि दोन नेहमीच्या फजित्या

मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १८ नियम आहेत, १४ नियम १९६२ चे आणि ४ नियम १९७२ चे. एका संध्याकाळी वाचून होतात. पात्रांच्या तोंडचं 'केलं', 'असं', 'घरं' अनुस्वार देऊन लिहायची सोय त्यातच आहे. आजच्या कथा-लेखांत निवेदनही सर्रास तसंच असतं. तुम्ही 'केले' घ्या किंवा 'केलं' घ्या, पण निवेदनात दोन्ही मिसळू नका. एका परिच्छेदात 'तिने दार उघडले' आणि पुढच्यात 'तिने दिवा लावला नि पाणी ठेवलं' असं असेल तर संपादकाचं लक्ष कथेवरून उडतं.

दुसरी फजिती टंकनाची. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' ही दोन वेगळी माणसं आहेत, एक मठातली आणि एक स्वयंपाकघरातली. फोनच्या कीबोर्डवर हा 'ऱ्य' सापडत नाही म्हणून 'दुसर्या', 'कोपर्यात' लिहिलं जातं. आधी सूचनांच्या पट्टीत बघा, नाहीतर एकदा सापडलेला शब्द साठवून ठेवा. कथा युनिकोडमध्येच टंका. जुन्या फाँटमधली फाइल तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडली की अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं दिसतात.

निबंधात यातलं किती वापरायचं

थोडंच. निबंधाला पंचवीस मिनिटं धरा: पाच आराखड्याला, सतरा लिहायला, तीन वाचायला. तेवढ्यात सव्वादोनशे-अडीचशे शब्द नीट होतात. सुरुवातीला दोन-तीन वाक्यांचा प्रसंग टाका, म्हणजे अवतरणाने सुरू होणाऱ्या गठ्ठ्यात तुमचा कागद वेगळा दिसेल. आत्मवृत्त लिहिताना झाडाचं किंवा पुस्तकाचं जन्मापासून मरणापर्यंत सगळं सांगू नका, त्याचा एकच दिवस सांगा. निवेदन मात्र प्रमाण भाषेत, परिच्छेद स्वच्छ, आणि विषयाला सोडून प्रयोग नाही. अर्धवट सुटलेला, सूचक शेवट कथेत शोभतो. कृतिपत्रिकेत तो वेळ संपल्यासारखा दिसतो. तिथे रीतसर समारोप करा.

पाठवणी

जानेवारी उजाडला की वही बंद. पहिलं ठिकाण कॉलेजचा वार्षिक अंक. त्याची मुदत अनेक ठिकाणी डिसेंबरच्या आसपास असते, त्यामुळे चौथा खर्डा तेव्हा हातात हवा. १४ ते २८ जानेवारीच्या मराठी भाषा संवर्धन पंधरवड्यात कॉलेजात कथास्पर्धा असली तर तयार कथाच द्या, नवी लिहायला बसू नका. २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाच्या कार्यक्रमांचा मोह सोडा, बोर्डाची परीक्षा त्याच सुमारास चालू असते.

परीक्षा संपली की एप्रिलमध्ये कथा एकदा ताज्या डोळ्यांनी वाचा. हा मोसम बारावीवाल्यांना अगदी सोयीचा आहे, कारण दिवाळी अंकांचं साहित्य साधारण उन्हाळ्यापासून पावसाळ्याच्या मध्यापर्यंत गोळा होतं. अंक निवडताना रद्दीच्या दुकानातून मागच्या दोन-तीन वर्षांचे चार अंक आणा. पन्नास-शंभर रुपयांत काम होतं. त्यात पंधराशे शब्दांच्या कथा छापतात का ते मोजा. काही अंक पाच हजारांच्या खाली बघतही नाहीत, तिथे पाठवून उपयोग नाही. मुलांचे, विनोदी, गूढकथांचे अंक वेगळे. कथा चांगली असूनही चुकीच्या अंकाला गेल्यामुळे परत येते.

ईमेलला युनिकोडमधली वर्ड फाइल आणि जोडीला पीडीएफ लावा. पहिल्या पानावर कथेचं नाव, तुमचं नाव, पत्ता, फोन आणि शब्दसंख्या. सोबतचं पत्र चार ओळींचं. त्यात कथेचा सारांश नको, 'माझा पहिलाच प्रयत्न आहे, सांभाळून घ्यावे' हेही नको. 'ही कथा अप्रकाशित असून इतरत्र पाठवलेली नाही' हे वाक्य हवं आणि ते खरं हवं. एकच कथा दोन अंकांना पाठवली आणि दोन्हीकडे लागली, तर पुढे दोन्ही दारं बंद होतात. ऑगस्ट संपेपर्यंत उत्तर आलं नाही तर एकदा फोन करा, नकार कळवून घ्या, तारीख वहीच्या मागच्या पानावर लिहा आणि तीच कथा दुसऱ्या अंकाच्या पत्त्यावर टाका.